पेटी आपली, किल्ली कुणाची?

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे आपल्याकडे फारशी कानांवर पडत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीची छायाचित्रे वर्षातून एकदा वृत्तसंस्थांकडून येतात, तेवढीच ओळख. नागपूरहून उत्तरेकडे निघालेल्या दोन वाटांवरची ही दोन गावे; एक इटारसी-भोपाळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे, दुसरे छिंदवाड्याच्या. घरात मराठी, बाजारात मराठी आणि हिंदी, कचेरीत हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या या मराठी मुलखासह, मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्याचे विभाजन होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. राज्य मात्र तेच.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणाऱ्या गोमंतकीय वाचकाला ही परिस्थिती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. राज्यकारभाराची भाषा एक आणि घरातली दुसरी, अशा ठिकाणी घरातली भाषा बाहेरून आत येण्याचे रस्ते मोजकेच असतात. त्यांपैकी रोजचा आणि सर्वांत रुंद रस्ता दूरचित्रवाणीचा. आणि त्या रस्त्यावर कुलूप आहे. छतावरची छत्री आपण विकत घेतलेली, पेटी आपल्या पैशांची, दरमहा रिचार्ज आपण करतो. मग पेटीतले ते बोटभर रुंदीचे कार्ड काढून घरातल्या संगणकाला जोडले, तर मराठी वाहिनी संगणकावर का दिसू नये? आवडलेला कार्यक्रम साठवून का ठेवता येऊ नये? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र तंत्र, कायदा आणि व्यापार या तिन्ही दालनांतून फिरून येते.

आधी तंत्र. उपग्रहावरून उतरणारा प्रवाह म्हणजे १८८ बाइटांच्या लहान पाकिटांची न संपणारी रांग. प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावर ते कोणत्या मालिकेतले, चित्राचे की आवाजाचे, हे सांगणारा क्रमांक असतो. हा माथा उघडाच राहतो. विस्कटला जातो तो आतला ऐवज. म्हणूनच सशुल्क वाहिन्यांचा प्रवाह संगणकाने पकडला, तर वाहिन्यांची नावे आणि कार्यक्रमांची वेळापत्रके बहुधा वाचता येतात. चित्र तेवढे उमटत नाही. पत्ता स्वच्छ अक्षरांत लिहिलेला, पाकीट मात्र मोहोरबंद, असा हा प्रकार.

विस्कटण्याची सर्वमान्य पद्धत युरोपातील डीव्हीबी या संघटनेने १९९४ मध्ये ठरवली. तिची किल्ली अवघी ६४ बिटांची, म्हणजे ८ बाइटांची. आजच्या मापाने ती लहान आहे, पण तिची खरी ताकद लांबीत नाही, अल्पायुष्यात आहे. साधारण दर १० सेकंदांनी किल्ली बदलते. प्रेक्षक बातम्यांचा एक ठळक मथळा ऐकून होईपर्यंत जुनी किल्ली निकामी झालेली असते. चित्र मध्येच तुटू नये म्हणून किल्ल्या सम आणि विषम अशा जोडीने येतात. एक वापरात असताना पुढची आधीच पोहोचती केली जाते.

ही किल्ली येते कुठून? त्याच प्रवाहातून, चित्राच्याच शेजारून. ती स्वतःही कुलूपबंद संदेशात गुंडाळलेली असते. हा पहिला संदेश, तंत्रज्ञांच्या भाषेत ईसीएम, सर्व ग्राहकांसाठी एकच असतो. दुसरा संदेश, ईएमएम, एकेका कार्डाला उद्देशून असतो आणि त्यात त्या कार्डाचे हक्क लिहिलेले असतात: या ग्राहकाने अमुक वाहिन्यांचे पैसे अमुक तारखेपर्यंत भरले आहेत. कार्ड पहिला संदेश घेते, आपल्याजवळ नोंदलेले हक्क तपासते आणि हक्क असेल तरच किल्ली मोकळी करून पेटीला देते. चित्र उलगडण्याचे काम पेटी करते. कार्डातून चित्र जातच नाही. बँकेच्या कार्डासारखी सोनेरी पट्टी असलेला तो तुकडा म्हणजे एक इवलासा संगणक आहे, आणि त्याचे काम हो किंवा नाही म्हणण्याचे.

एवढे कळले की रोजच्या अनुभवातले एक कोडे सुटते. रिचार्ज केला, पैसे गेल्याचा संदेश मोबाइलवर आला, तरी वाहिनी बंदच. ग्राहकसेवेला फोन केला की सांगतात, पेटी चालू ठेवा, वाहिनी लावून ठेवा, थोडा वेळ थांबा. फार तर, कार्ड काढून पुसून पुन्हा घाला. ही टाळाटाळ नव्हे. पेटीकडून कंपनीकडे जाणारी वाट नसते. कंपनी आपल्या कार्डाच्या नावाचा संदेश आकाशातून पुन्हा पुन्हा सोडत राहते आणि पेटी जागी असेल तेव्हाच तो तिला मिळतो. महिनाभर गावाला गेलेल्या घरातली पेटी परतल्यावर लगेच बोलत नाही, तीही याच कारणाने.

आता संगणक. बाजारात उपग्रहाचा संकेत घेणारे ट्यूनर मिळतात. काही संगणकाच्या आत बसणारे, काही यूएसबीला जोडायचे. छत्रीची तार त्याला लावायची. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा दाब ट्यूनरच पुरवतो, आणि त्या दाबावरून आडव्या की उभ्या लहरी घ्यायच्या हे ठरते. संकेत मिळाला की व्हीएलसीसारखी मोफत प्रणालीही चित्र दाखवू शकते. लिनक्सवर तर यासाठी गेली दोन दशके उत्तम साधने उपलब्ध आहेत. पांढुर्ण्यातल्या घराच्या गच्चीवर छत्री आग्नेयेकडे, ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवली की प्रसार भारतीची डीडी फ्री डिश मिळते आणि तिच्यात सह्याद्री वाहिनी संगणकावर उमटते. कार्ड नको, रिचार्ज नको, परवानगी नको. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा मुळात खुली आहे. तिच्यावरच्या खासगी मराठी वाहिन्या मात्र लिलावात जागा मिळेल तशा येतात आणि जातात, हे गृहीत धरावे लागते.

सशुल्क वाहिन्यांपाशी हा रस्ता संपतो. कार्ड वाचणारे यंत्र संगणकाला जोडणे अवघड नाही. बँकेची कार्डे आणि ही कार्डे एकाच आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेली आहेत. कार्ड घातले की ते आपली ओळख सांगते, प्रश्नांना उत्तरेही देते. पण आजची कार्डे विशिष्ट पेटीशी जोडी लावून दिलेली असतात. कार्डाने दिलेली किल्ली पुन्हा त्या पेटीच्या चिपलाच उलगडेल अशा रूपात बाहेर पडते. संगणकाच्या हाती लागते ती निरुपयोगी अंकांची ओळ. शेजाऱ्याची पेटी बिघडली आणि त्याचे कार्ड आपल्या पेटीत घातले, तरी बहुधा पडद्यावर ‘कार्ड जुळत नाही’ अशा अर्थाची सूचना झळकते, ती यामुळेच.

याला एक सरळ, कायदेशीर तोड युरोपने १९९७ मध्येच मानक म्हणून काढली होती. चपट्या वहीसारखे एक मोड्यूल, त्याच्या पोटात कार्ड, आणि ते मोड्यूल दूरदर्शन संचाच्या किंवा संगणकातल्या ट्यूनरच्या खाचेत. विस्कटलेला प्रवाह मोड्यूलमध्ये जातो, उलगडून परत येतो. कंपनी बदलायची झाली तर मोड्यूल बदला, संच तोच. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशानुसार ३० सेंटिमीटरहून मोठ्या पडद्याच्या डिजिटल संचांना अशी खाच बंधनकारकच केली. मोड्यूलमधून उलगडलेला प्रवाह मोकळा बाहेर येतो आणि संगणकावर साठवता येतो, हे वाहिन्यांच्या मालकांना रुचले नाही. म्हणून २००८ मध्ये सुधारित मानक आले, ज्यात मोड्यूल आणि संच यांच्यामधला तुकडाही पुन्हा कुलूपबंद झाला.

भारताने ही कल्पना नाकारली, असे मात्र नाही. १५ मार्च २००१ च्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांनुसार परवाना घेणाऱ्या कंपनीवर अटच होती की पेटी खुल्या रचनेची असावी, ती निरनिराळ्या कंपन्यांकडे चालावी आणि मोड्यूलद्वारे ग्राहकाचे हित राखले जावे. सुरुवातीच्या कित्येक पेट्यांच्या अंगावर ती खाच होतीही. घरातली जुनी पेटी माळ्यावर पडली असेल, तर एकदा पाहावी. त्या खाचेत घालायचे मोड्यूल मात्र दुकानात कधी आले नाही. त्याची किंमत नव्या पेटीच्या आसपास जाई, आणि नवी पेटी कंपन्या स्वतःच तोटा सोसून स्वस्तात देत. शिवाय एकीची चित्रसंकोच पद्धत जुनी, दुसरीची नवी. एकीचा उपग्रह आकाशात इकडे, दुसरीचा तिकडे. अटीचे अक्षर पाळले गेले, आशय खाचेत धूळ खात राहिला.

एप्रिल २०२० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, हा विषय पुन्हा वर काढला. डीटीएचच्या पेट्या डीटीएच कंपन्यांमध्ये आणि केबलच्या पेट्या केबलमध्ये परस्परांकडे चालाव्यात, आणि डिजिटल संचांना यूएसबीच्या रूपातली खाच असावी, अशी शिफारस केली. त्या वेळी बहुतेक वृत्तकक्षांत ‘ग्राहकांना दिलासा’ हे ठरलेले शीर्षक लागले असणार. शिफारस म्हणजे निर्णय नव्हे, हे उपसंपादकाला ठाऊक असते, पण शीर्षकाच्या रुंदीत ते मावत नाही. आजही कंपनी बदलणाऱ्या ग्राहकाला नवी पेटी घ्यावी लागते आणि जुनी भंगारात जाते.

संगणकात कार्ड घालण्याचा प्रयोग कायद्याच्या बळावर प्रत्यक्ष झाला तो अमेरिकेत. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने तिथल्या आयोगाला पेट्यांची बाजारपेठ खुली करण्यास सांगितले आणि त्यातून केबलकार्ड नावाचे मोड्यूल आले. १ जुलै २००७ पासून केबल कंपन्यांना आपल्या नव्या पेट्यांतही तेच वापरणे भाग पडले, म्हणजे परक्याला एक आणि घरच्याला दुसरे असे करता येईना. काही वर्षे अमेरिकेतली घरे केबलकार्डचा ट्यूनर जोडून संगणकावर सशुल्क वाहिन्या रीतसर पाहत आणि साठवत होती. पण मोड्यूल मागणारे ग्राहक थोडेच निघाले, कंपन्यांचा उत्साह त्याहून थोडा, आणि २०२० मध्ये आयोगाने केबलकार्डाचे नियम मोडीत काढले.

सीमेवरच्या वाचकाला अधिक जवळचे वाटेल ते दुसरे प्रकरण. इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथे मद्यालय चालवणाऱ्या कॅरन मर्फी यांनी फुटबॉलचे सामने दाखवण्यासाठी ग्रीसमधील कंपनीचे कार्ड वापरले. ते इंग्लंडच्या कार्डापेक्षा स्वस्त होते. कार्ड चोरीचे नव्हते, पैसे भरून घेतलेले होते. फक्त दुसऱ्या देशातले. खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि ४ ऑक्टोबर २०११ रोजी निकाल लागला की परदेशी कार्डांच्या वापरावर बंदी घालणारा राष्ट्रीय कायदा युरोपीय संघातील सेवांच्या मुक्त संचाराशी विसंगत आहे. पुढे मर्फी यांची शिक्षाही रद्द झाली. मद्यालयात सामने दाखवताना त्यांतील बोधचिन्हे, शीर्षकगीत यांसारख्या भागांवरचे स्वामित्वहक्क उरतातच, हेही त्या न्यायालयाने सांगितले, आणि ही बाजू सहसा विसरली जाते. आपल्याकडे डीटीएचला राज्यांची सीमा नाही; नागपुरात घेतलेली छत्री सौंसरमध्येही त्याच उपग्रहाकडे पाहते. सीमा उभी राहते ती केबलमध्ये.

केबलची गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. दोन दशकांपूर्वी केबलची तार थेट संचात जात असे, आणि संगणकात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवून तीच तार त्याला लावली की मालिका, नाटक, घरच्या मुलाने भाग घेतलेला गाण्याचा कार्यक्रम, काहीही साठवता येई. २०११ च्या दुरुस्ती कायद्याने केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करायचे ठरले. नागपूर आणि भोपाळ दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१३ च्या मुदतीत. उरलेली शहरे तिसऱ्या टप्प्यात. पांढुर्णा आणि सौंसरसारखी नगरपालिकांची गावे यात मोडतात. ती मुदत वाढत वाढत ३१ जानेवारी २०१७ वर गेली आणि खेड्यापाड्यांची ३१ मार्च २०१७ वर. त्या दिवसानंतर जुने ट्यूनर कार्ड आंधळे झाले. काही हौशी लोकांनी पेटीच्या पाठीमागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांमधून चित्र संगणकात घेणे चालू ठेवले. एचडीएमआयच्या तारेत कुलूपही सोबत आले आणि ती फटही अरुंद झाली.

इथे कायद्याची एक गंमत आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण केल्याने प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे घरात बसून कार्यक्रम साठवणे गुन्हा नाही. त्याच कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले: हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. साठवण्याची मुभा आहे, पण ती वापरायची तर कुलूप आडवे येते, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्यावर ती देण्याचे बंधन नाही. कंपन्या साठवणारी पेटी विकतात, हे खरे. तिच्यातले मुद्रण मात्र त्याच पेटीपुरते कुलूपबंद असते. पेटी बिघडली, वर्गणी थांबवली, की आत साठवलेला मुलीचा तो पाच मिनिटांचा कार्यक्रम तबकडीवर असूनही नसल्यासारखा. मराठी वाहिनीवर चमकलेले आपल्या गावचे माणूस ही महाराष्ट्राबाहेरच्या गावात मोठी गोष्ट असते. तिची प्रत घरात राहू नये, हे मला तरी पटत नाही.

याच अडचणीवर चोरबाजार पोसला जातो. किल्ली आठ बाइटांची आणि दहा सेकंदांनी बदलणारी, म्हणजे अगदी मंद इंटरनेटवरूनही ती पाठवता येते. एका खऱ्या कार्डाने काढलेली किल्ली दूरवरच्या शेकडो पेट्यांना पुरवणे, या प्रकाराने युरोपात अनेक वर्षे धुमाकूळ घातला आणि कार्ड-पेटीची जोडी लावण्याची सक्ती मुख्यतः त्यातूनच आली. ‘सगळ्या वाहिन्या, वर्षभराचे एकदाच पैसे’ म्हणून कुणी पेटी विकत असेल, तर तो दुसऱ्याचा माल विकतो आहे. आणि कंपनीने पद्धत बदलली की ती पेटी रातोरात मुकी होते. तक्रार कुणाकडे करणार?

पांढुर्ण्याच्या प्रेक्षकाकडे याहून साधा आणि हक्काचा एक मार्ग आहे. हिंदी राज्यात कंपनीचा ठरलेला संच बहुधा हिंदीचा असतो आणि मराठी वाहिन्या त्यात नसतात. पण ‘ट्राय’च्या २०१७ च्या दर आदेशानुसार, जो १ फेब्रुवारी २०१९ पासून खऱ्या अर्थाने लागू झाला, कंपनीकडे उपलब्ध असलेली कोणतीही वाहिनी सुटी मागता येते आणि तिची किंमत जाहीर असते. संच सोडून हव्या त्या दोन-तीन मराठी वाहिन्या तेवढ्या निवडता येतात. डीटीएचवर हे सहज जमते. केबलवर ‘उपलब्ध’ या शब्दातच मेख आहे: त्या गावाला पुरवठा करणाऱ्या कंपनीने मराठी वाहिनी आपल्या प्रवाहात घेतलीच नसेल, तर सुटी मागणार तरी काय? तिथे एकट्याचा फोन फारसा उपयोगाचा नाही. गल्लीतल्या पन्नास घरांनी केबलवाल्याकडे एकत्र मागणी नोंदवली, तर तो ती वर नेतो, कारण त्याचाही धंदा त्यावर आहे.

दरम्यान कार्डच हळूहळू नाहीसे होत आहे. नव्या पेट्यांत ते पेटीच्या चिपमध्येच विरघळलेले असते. काढायला, पुसायला काही उरलेले नाही. मोबाइलवरच्या मालिकांचे तेच. ॲप उघडल्यावर फोनच्या आत तसाच सवाल-जवाब होतो, किल्ली येते, हक्क तपासला जातो. चित्रित होत असलेला पडदा साठवायला गेले की चित्राच्या जागी काळा चौकोन मिळतो तो त्यामुळे, आणि स्वस्त फोनवर तीच मालिका कमी स्पष्ट दिसते तेही काही वेळा त्याचमुळे: किल्ली सुरक्षित ठेवणारी चिप त्या फोनमध्ये नसते, म्हणून कंपनी त्याला चांगल्या प्रतीचा प्रवाह देत नाही.

नवा संच घेताना दुकानदार मागच्या बाजूच्या यूएसबीच्या दोन खाचा दाखवतो आणि पेन ड्राइव्ह चालतो, असे सांगतो. २०२० च्या शिफारशीतले मोड्यूल जिथे बसायचे होते, त्याचा आकारही तसाच. म्हापशात असो की सौंसरमध्ये, ते मोड्यूल मागितले तर दुकानदार पेन ड्राइव्हच काढून देईल.